ट्रिगर मऊ होतो तेव्हा

नवं रिव्हॉल्व्हर घेतलेला माणूस थोड्याच दिवसांत एक तक्रार घेऊन येतो : ट्रिगर फार कडक आहे. त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : वापरत राहा, होईल मऊ. तक्रार खरी आहे आणि उत्तरही खोटं नाही. तरीही या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत इतका गोंधळ भरून राहिला आहे की तो निस्तरायला एक पुस्तक लिहावं लागलं. मऊ होतं ते नेमकं काय? स्प्रिंग, पोलाद, की ओढणाऱ्याचं बोट? विचारून पाहिलं तर बहुतेक जण पहिल्या दोहोंपैकी एकाचं नाव घेतात. माझा कौल तिसऱ्याला आहे. पोलाद आपला वाटा उचलतं, पण तो वाटा लहान असतो आणि लवकर संपतो. पुढचं सगळं काम बोटाचं. हे ज्यांना पटत नाही, किंवा पटूनही ज्यांना धीर धरवत नाही, ते कानस हातात घेतात आणि चांगलं शस्त्र बिघडवून बसतात.

पुस्तक फक्त रिव्हॉल्व्हरबद्दल आहे. पिस्तुलाला यात जागा नाही, आणि याला कारण आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात पहिली गोळी सुटली की पुढचं बरंचसं काम धक्क्याच्या जोरावर स्लाइड करते. पुढची गोळी नळीत तीच चढवते, हॅमरही तीच मागे नेते. रिव्हॉल्व्हरमध्ये अशी फुकटची मदत नाही. प्रत्येक गोळीसाठी लागणारं सगळं काम माणसाने आपल्या हाताने करायचं.

ते काम किती आहे, हे एकदा सावकाश बघण्यासारखं आहे. स्मिथ अँड वेसनची डबल अ‍ॅक्शन रचना, जिच्यात हॅमर मागे नेणं आणि सोडणं ही दोन्ही कामं ट्रिगरच करतो, उदाहरणाला घेऊ, कारण तिचा सांगाडा शंभरएक वर्षांत फारसा बदललेला नाही. ट्रिगर मागे यायला लागला की सर्वात आधी सिलिंडर स्टॉप हा चिमुकला तुकडा खाली ओढला जातो आणि इतका वेळ जखडलेलं सिलिंडर मोकळं होतं. ट्रिगरला जोडलेली एक पट्टी, जिला हँड म्हणतात, ती वर सरकून सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला ढकलते. सहा गोळ्यांचं सिलिंडर असेल तर ते ६० अंश फिरून थांबलं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. त्याच वेळी ट्रिगरचं टोक हॅमरच्या तोंडाशी बसवलेल्या लहानशा सीअरला उचलत असतं. हॅमर मागे झुकतो, तशी मुठीत दडलेली पट्टीची मेनस्प्रिंग वाकायला लागते. खालच्या बाजूला रिबाउंड स्लाइड नावाचा ठोकळा आपल्या स्प्रिंगला दाबत मागे सरकतो, कारण गोळी सुटल्यावर ट्रिगर पुन्हा पुढे आणायचं काम त्याच्याकडे आहे. अर्ध्या वाटेवर हॅमरचा भार सीअरवरून उतरून ट्रिगरच्या दुसऱ्या कडेवर जातो. स्टॉप पुढच्या खाचेत टक् करून बसतो. मग हॅमर सुटतो. हे सगळं दीड सेंटिमीटरच्या आसपासच्या ओढीत घडतं, आणि या साऱ्याला एकच इंजिन आहे : तर्जनी.

तिला लागणारा जोर कारखान्यातून आलेल्या शस्त्रात साधारण साडेचार ते साडेपाच किलो असतो. चार इंची नळीच्या मध्यम आकाराच्या रिव्हॉल्व्हरचं स्वतःचं वजन किलोभर. म्हणजे हातात धरलेल्या वस्तूच्या पाचपट जोर त्याच हाताच्या एका बोटाने लावायचा, आणि तो लावताना वस्तू हलू द्यायची नाही. मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर जेमतेम १५ सेंटिमीटर. फ्रंट साइट एक मिलिमीटर डावीकडे गेली तर २५ मीटरवरची गोळी सुमारे १७ सेंटिमीटर डावीकडे जाते. कडक ट्रिगरची तक्रार करणाऱ्याला बोटाच्या दुखण्यापेक्षा हे चुकलेले १७ सेंटिमीटर जास्त टोचत असतात, फक्त त्याला ते तसं सांगता येत नाही.

मग हॅमर अंगठ्याने मागे ओढून का घेऊ नये? तसं करता येतंच. सिंगल अ‍ॅक्शन म्हणतात ते हेच. मग ट्रिगरला फक्त हॅमर सोडायचं काम उरतं आणि दीड-दोन किलोंत भागतं. सॅम्युएल कोल्टने १८३६मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच पद्धतीचं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या रिव्हॉल्व्हरसमोर रॉबर्ट अ‍ॅडम्सचं रिव्हॉल्व्हर मांडलेलं होतं. त्याच्या हॅमरला अंगठ्यासाठी बोंडच नव्हतं; जे काही करायचं ते ट्रिगरनेच. कोल्टचा नेम चांगला, अ‍ॅडम्सचा वेग चांगला, असा वाद बराच चालला. १८५६मध्ये रॉयल इंजिनियर्समधल्या फ्रेडरिक बोमाँट या लेफ्टनंटने दोन्ही पद्धती एका शस्त्रात बसवून दाखवल्या. आजच्या रिव्हॉल्व्हरचा वंश तिथून सुरू होतो. कोल्टच्या कारखान्याने स्वतःचं डबल अ‍ॅक्शन १८७७मध्ये आणलं. ते इतकं नाजूक निघालं की दुरुस्ती करणाऱ्यांचं लाडकं शस्त्र म्हणून त्याची चेष्टा होत राहिली.

दोन्ही सोयी हाताशी असताना लांब, जड ओढ शिकायची कशाला, हा प्रश्न पुढे पोलीस खात्यांनीच निकालात काढला. घाबरलेल्या, धावून आलेल्या माणसाच्या हातात हॅमर ओढलेलं रिव्हॉल्व्हर असणं ही अपघाताची तयारीच. दचकून आवळलेल्या मुठीला दीड किलो सहज लागतात. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपल्या रिव्हॉल्व्हरमधून सिंगल अ‍ॅक्शनची सोयच काढून टाकली. न्यूयॉर्कनेही पुढे फक्त डबल अ‍ॅक्शनची रिव्हॉल्व्हरं मागवली. ब्रिटिश सैन्याने त्याआधी, १९३८मध्ये, एनफिल्डच्या पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हरच्या हॅमरचं बोंड उडवलं होतं, ते वेगळ्या कारणाने : रणगाड्यात चढता-उतरता ते कशात तरी अडकायचं. कारण कुठलंही असो, शिपायाला आणि हवालदाराला ती लांब ओढ शिकण्याला पर्याय राहिला नाही. या पुस्तकातलं बरंचसं ज्ञान त्या सक्तीतून जन्मलेलं आहे.

आता पोलादाचा वाटा. तो मी लहान म्हणतो, पण तो नाकारत नाही.

बरीच वर्षं वापरलेलं जुनं स्मिथ अँड वेसन कारागिराने उघडलेलं असेल तेव्हा जरूर शेजारी उभं राहून पाहावं. बाजूची प्लेट तो उचकटत नाही. स्क्रू काढले, की मुठीच्या चौकटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी दांड्याने टकटक करतो आणि प्लेट आपली आपण उठून येते. आत सगळं काळपट, तेलकट असतं, आणि त्यात चार-सहा ठिकाणी आरशासारखी चकाकी. रिबाउंड स्लाइडच्या तळाला एक लांबट पट्टा, आणि चौकटीत जिथून ती सरकते तिथे त्याच्याच मापाचा जोडीदार पट्टा. ट्रिगरच्या टोकाला, सीअरच्या ओठावर नखाएवढी जागाही नाही इतके छोटे चकाकते ठिपके. हॅमरच्या कुशीला कुठे चकाकी दिसली तर कारागीर नाक मुरडतो, कारण तिथे खरं तर काहीच घासायला नको. हॅमर किंचित तिरका चालला आहे एवढाच त्याचा अर्थ. कुठला भाग कुठे घासला, याची नोंद शस्त्र स्वतःच ठेवतं. ती वाचता येणं हे या धंद्यातलं निम्मं कौशल्य.

ही चकाकी म्हणजेच वापराने आलेला गुळगुळीतपणा. मिलिंगच्या हत्याराने पोलादावर सोडलेल्या बारीक रेघा उघड्या डोळ्यांना दिसतात न दिसतात, पण दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून सरकवले की त्यांची टोकं एकमेकांना अडतात. वापरात ती टोकं मोडतात, चपटी होतात, भार थोड्या उंचवट्यांवरून मोठ्या क्षेत्रावर पसरतो. नवी दुचाकी पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायची असते, ती याच प्रक्रियेसाठी. आणि दुचाकीसारखंच इथेही हे सुरुवातीला भराभर होतं आणि मग जवळजवळ थांबतं. टोकं मोडून झाली की मोडायला उरत नाही. पुढची झीज इतकी हळू चालते की ती बोटाला कळत नाही.

किती फरक पडेल हे शस्त्र कसं घडवलं त्यावर आहे. जुन्या काळच्या स्मिथ अँड वेसनचे हॅमर आणि ट्रिगर ठोकून घडवलेले, मिलिंग केलेले आणि वरून कडक केलेले असत. त्यांना घासून गुळगुळीत व्हायला वाव होता. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे भाग धातूच्या पुडीचे करू लागले. पूड चिकट द्रव्यात मिसळून साच्यात भरतात, मग भट्टीत भाजून घट्ट करतात. जुन्या पठडीतले लोक या भागांना नावं ठेवतात. मला त्या नावं ठेवण्यात हळहळच जास्त दिसते. साच्यातून आलेला भाग मुळातच एकसारखा आणि गुळगुळीत असतो. तेव्हा नव्या रिव्हॉल्व्हरचं पोलाद वापराने सुधारण्याची आशा जुन्यापेक्षा कमीच धरावी, कारण सुधारणा कारखान्यातच होऊन आली आहे.

स्प्रिंग वापराने मऊ पडते हा समज तर सोडूनच द्यावा. नीट मापाची मेनस्प्रिंग तिच्या लवचिकतेच्या मर्यादेत राबते. अगदी सुरुवातीला बसेल तेवढी बसते आणि मग वर्षानुवर्षं तसाच जोर देत राहते. ती खरोखर मऊ पडली तर ती बातमी चांगली नाही. मऊ स्प्रिंगचा हॅमर काडतुसाच्या टोपीवर पुरेसा आपटत नाही आणि गोळी उडत नाही.

झिजेला दुसरी बाजूही आहे, आणि ती कोल्टच्या रिव्हॉल्व्हरात ठळक दिसते. १९५५मध्ये बाजारात आलेल्या कोल्ट पायथनची ख्याती अजून ओसरलेली नाही. त्याचे भाग हाताने जुळवलेले, हाताने चकचकवलेले. नव्या पायथनचा ट्रिगरही दुसऱ्याच्या जुन्या शस्त्रापेक्षा रेशमी लागे. पण त्याच्या रचनेत ट्रिगर पूर्ण मागे असताना हँड सिलिंडरच्या दात्यावर दाबून धरलेली राहते. गोळी सुटण्याच्या क्षणी सिलिंडर तसूभर हलत नाही ते त्यामुळेच, आणि हँडचं टोक झिजतं तेही त्यामुळेच. पुरेसं झिजलं की सिलिंडर पूर्ण फिरण्याआधी हॅमर पडण्याची वेळ येते. म्हणजे ज्या घासण्याने ट्रिगर मऊ केला तेच घासणं पुढे शस्त्राचा मेळ बिघडवतं. वापरत राहा हा सल्ला देणारे हा उत्तरार्ध सांगायचा विसरतात.

धीर नसलेल्यांकडे वळतो. त्यांचा पहिला उपाय फुकटचा असतो. स्मिथ अँड वेसनच्या मुठीच्या पुढच्या बाजूला खाली एक स्क्रू आहे. त्याचं टोक मेनस्प्रिंगला ताण देतं. तो दोन आटे सैल केला की ओढ लगेच हलकी लागते. घरातल्या घरात सगळं छान वाटतं. मैदानावर सहांतल्या एका-दोन गोळ्या उडत नाहीत, आणि दोष काडतुसांच्या कंपनीला जातो. दुसरा उपाय रिबाउंड स्लाइडची स्प्रिंग बदलण्याचा. ती जास्तच हलकी घेतली तर ट्रिगर पुढे परतायला आळस करतो. भरभर ओढणाऱ्याचं बोट त्याच्या पुढे धावतं आणि ट्रिगर अर्धवट परतलेला असतानाच पुन्हा ओढला जातो. हे दोन्ही उपाय निदान मागे घेता येतात.

कानशीचा उपाय मागे घेता येत नाही. जुन्या हॅमरचा आणि ट्रिगरचा फक्त वरचा पातळ थर कडक असतो, आतलं पोलाद मऊ. पॉलिश करता करता तो थर ओलांडला की पहिले काही दिवस ट्रिगर अप्रतिम लागतो. मग मऊ पोलाद झिजत जातं. सिंगल अ‍ॅक्शनला ज्या खाचेत ट्रिगर अडकतो ती मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच खोल असते. तिची कड गोलावली, तर ओढून ठेवलेला हॅमर अंगठ्याच्या दाबानेही सुटतो. जाणता कारागीर जुनं शस्त्र हातात आल्यावर आधी हेच तपासतो : रिकामं आहे ना हे पाहून हॅमर ओढायचा, ट्रिगरला बोट न लावता तो मागून ढकलून बघायचा. सुटला तर सौदा तिथेच संपला. शिवाय आपल्याकडे हा केवळ हौसेचा मामला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या पाचव्या कलमानुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करायला त्यासाठीचा परवाना असावा लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे ते उघडून घासण्याचा परवाना नव्हे.

आणि आपल्या हवेबद्दल एक सांगायला हवं. मुंबईत, कोकणात, गोव्यात ज्याला लोक ट्रिगरचा कडकपणा म्हणतात त्यातला बराचसा नुसता मळ असतो. कारखान्याचं गंज-प्रतिबंधक तेल सुकून चिकट होतं. त्यावर पावसाळ्याचा दमटपणा आणि धूळ. त्यातून शस्त्र चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवलेलं, आणि चामडं ओल धरून बसलेलं. अशा रिव्हॉल्व्हरला ना सरावाची गरज असते ना कानशीची. साफ करून मोजकं ताजं तेल दिलं की तक्रार निम्म्यावर येते.

एवढं सगळं करूनही साडेचार-पाच किलो हे साडेचार-पाच किलोच राहतात. चांगली वागवलेली दोन रिव्हॉल्व्हरं, एक नवं आणि एक मुरलेलं, ट्रिगर मोजायच्या काट्याला लावली तर आकड्यातला फरक मालकाच्या वर्णनापेक्षा बराच कमी निघतो. तरी मालक खोटं बोलत नसतो. त्याला ओढ खरंच हलकी लागते.

इथे घर्षणाची एक साधी गोष्ट उपयोगी पडते. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर ती सरकत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. नवशिका घाबरत, थांबत थांबत ट्रिगर ओढतो. तो थांबला की आतले भागही थांबतात, अडतात. तो जोर वाढवतो, मग ते एकदम सुटून पुढे उडी घेतात. त्याच्या बोटाला लागणारी खरखर अशी त्याने स्वतःच निर्माण केलेली असते. तेच शस्त्र सरावलेल्या माणसाने एका लयीत, न थांबता ओढलं तर भाग सतत सरकत राहतात आणि त्या अडखळी येतच नाहीत. पोलाद तेच, तेल तेच. निव्वळ ओढण्याच्या पद्धतीने ट्रिगर मऊ झालेला असतो. मला या विषयात लिहावंसं वाटलं ते मुख्यतः या एका गोष्टीमुळे.

बोटाला शिकायचं असतं ते तीन-चार पातळ्यांवर. पहिलं म्हणजे एकटं हलायचं. तर्जनी जोराने मिटली की बाकीची बोटंही तिच्याबरोबर आवळतात, मूठ पिळली जाते आणि नळी खाली झुकते. ही हाताची जन्मजात सवय आहे; ती मोडायला पुष्कळ वेळ लागतो. दुसरं, ट्रिगरवर बोट किती आत ठेवायचं. हलक्या ट्रिगरला बोटाचं टोक चालतं. डबल अ‍ॅक्शनला बहुतेकांना पहिल्या पेराची घडी लागते, कारण तिथे जोर मिळतो. तिसरं, परत येताना ट्रिगर पूर्ण पुढे येऊ देणं. नवशिक्यांचं सगळं लक्ष ओढण्याकडे असतं, जाणत्यांचं सोडण्याकडे. चौथी गोष्ट वादाची आहे. स्टॉप खाचेत बसल्याचा टक् बोटाला कळतो आणि त्यानंतर हॅमर सुटायला थोडी ओढ उरते. काही जण तिथे क्षणभर थांबून नेम पुन्हा पाहतात. पुस्तकात दोन्ही बाजू दिल्या आहेत, पण माझा कल लपवत नाही : थांबायची सवय लागली की घाईत तीच अंगावर येते.

हे घडवण्याचं साधन म्हणजे ड्राय फायरिंग, काडतुसाशिवाय ट्रिगर ओढण्याचा सराव. नळीवर नाणं आडवं ठेवायचं आणि ते न पाडता हॅमर पाडायचा, हा त्यातला जुना खेळ. गोळी नाही म्हणजे आवाज नाही, धक्का नाही, खर्च नाही. समोर फक्त फ्रंट साइट आणि तिची थरथर. मैदानावर याची परीक्षा घ्यायची तर सिलिंडरमध्ये जिवंत काडतुसांत एक-दोन उडालेल्या पुंगळ्या मिसळतात आणि कोणती कुठे आहे ते न बघता सिलिंडर बंद करतात. हॅमर पुंगळीवर पडला की धक्का येत नाही, पण धक्क्याच्या भीतीने नळीने मारलेली बुडी सगळ्यांना दिसते. ट्रिगरला दोष देणारे बरेच जण या एका प्रयोगानंतर गप्प होतात.

ही वाट कुठवर जाते ते दाखवणारी माणसं होऊन गेली आहेत. एड मॅकगिव्हर्न हा मोंटाना राज्यातल्या लुइसटाउनचा, धंद्याने पाट्या रंगवणारा. १९३२मध्ये त्याने डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या एका सेकंदाच्या वीस भागांपैकी नऊ भागांत झाडल्या. वेळ मोजायला त्याने विजेची उपकरणं वापरली आणि १९३८मध्ये सगळा अनुभव एका जाडजूड पुस्तकात लिहून ठेवला. १९९९मध्ये लुइझियानाच्या जेरी मिक्युलेकने आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर एका सेकंदात रिकामं केलं, आणि सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडायला २.९९ सेकंद घेतले. मॅकगिव्हर्नच्या आकड्यात पाच वेळा तो सगळा खटाटोप, सिलिंडर फिरणं, स्टॉप बसणं, हॅमर पडणं, ट्रिगर परतणं, अर्ध्या सेकंदाच्या आत झाला आहे. अशा बोटाला कडक ट्रिगर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध काय, असं कोणी विचारेल. महाराष्ट्रासह देशभरच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला कित्येक दशकं पॉइंट ३८चं रिव्हॉल्व्हर होतं. तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला वर्ज्य. त्याच्या वाट्याला बहुधा येतं ते कानपूरला बनणारं पॉइंट ३२. वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं, मधून मोडून भरायचं. त्याचं काडतूस स्मिथ अँड वेसनने १८९६मध्ये आणलेलं, आणि गंमत अशी की आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत आजही मुख्यतः तेच काडतूस चालतं. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ६००पैकी ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात. त्या स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम पुरतात. म्हणजे परवानाधारकाच्या कपाटातल्या रिव्हॉल्व्हरचं बोटाशी असलेलं नातं स्पर्धेच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी कठोर आहे, आणि सराव मात्र तो स्पर्धकाच्या शतांशानेही करत नाही. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक आणणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा ट्रिगर किलोभराचा. तरी त्या पातळीच्या नेमबाजांच्या दिनक्रमात ड्राय फायरिंग असतंच. जानेवारी २०१४मध्ये कानपूरहून महिलांसाठी म्हणून आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, जेमतेम ५०० ग्रॅमचं. पर्समध्ये मावतं, हे खरं. पण शस्त्र जितकं हलकं तितका तोच जोर त्याला जास्त हलवतो. हलकं शस्त्र नवशिक्याला सोपं, हा समज दुकानातच टिकतो.

पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यावं याची यादी नाही. स्वसंरक्षणाच्या शौर्यकथा नाहीत. ट्रिगर घरी कसा घासावा याची कृतीही नाही. ती मागणाऱ्याने चांगला परवानाधारक कारागीर शोधावा. आहे ते एवढंच : आतले भाग कसे चालतात, कुठे घासतात, ते घासणं कधी उपकारक असतं आणि कधी नाही, आणि बोटाला काय शिकवायचं. शेवटची गोष्ट जास्त पानं खाते. तिथे थोडी पुनरुक्ती आहे, ती ठेवलेली आहे.

वाचायला सुरुवात करताना एक करा. पहिल्या तीन प्रकरणांना शस्त्र लागत नाही, तेव्हा ते कपाटातच कुलपात राहू द्या. चौथ्यापासून लागेल. त्या वेळी काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवून, दार लावून, मग टेबलाशी या. सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. शस्त्र जुनं असेल, किंवा पॉइंट २२चं असेल, तर स्नॅप कॅपशिवाय, म्हणजे सरावाच्या नकली काडतुसाशिवाय, हॅमर पाडू नका. पॉइंट २२मध्ये फायरिंग पिन सरळ घराच्या कडेवर आपटते आणि ती कड चेपते. नळी अशा भिंतीकडे ठेवा जिच्यामागे कोणी राहत नाही. मध्ये फोन आला, कोणी हाक मारली, उठावं लागलं, तर परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासा. हे सगळं कंटाळवाणं वाटत असेल तर चौथं प्रकरण उघडू नका, शस्त्रही नको.